तिसऱ्या मजल्यावरची आवराआवर

खोक्याचा तळ नेमका दुसऱ्या मजल्यावर फाटला. औषधांच्या रिकाम्या बाटल्या खडखडत जिन्यावरून खाली गेल्या आणि नर्सबाई तिथंच पायरीवर बसली. सकाळची ड्युटी करून आली होती ती. पाय भरून आलेले, वाकायचंही त्राण नव्हतं.

समोरचं दार उघडलं. महिन्यापूर्वीच राहायला आलेले गणिताचे सर शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

"लागलं का कुठे?"

"नाही... दमलेय फक्त."

सरांनी बाटल्या गोळा केल्या. "एवढ्या कशाला जमवल्या?"

"मी नाही, माझ्या बाबांनी. काही म्हणून टाकू द्यायचे नाहीत."

बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचं इथलं तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं; ती स्वतः दवाखान्याजवळ राहायची. भाऊ परगावी, "सगळं देऊन टाक, ताई," म्हणून फोनवर मोकळा झाला होता. पण टाकायची वस्तूसुद्धा आधी हातात घ्यावी लागते, हे त्याला कोण सांगणार...

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सर वर येऊ लागले. त्यांनीच खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या – ठेवायचं, द्यायचं, बघू.

"तुमचं 'बघू' फारच फुगलंय," एकदा ते म्हणाले.

"गणित चुकतंय का, सर?"

"नाही. पण उत्तर लवकर येऊ नये असं मला वाटतंय."

तिने मान वर केली नाही. हातातल्या चादरीची घडी मात्र तीनदा चुकली.

मग एका दुपारी कपाटातून बाबांचे जुने चष्मे निघाले. सात. तिने एक उचलला, ओढणीने काच पुसली आणि दवाखान्यात दिवसभर सगळ्यांना धीर देणारी ती घळाघळा रडली. सर उठले. खाली जाऊन चहा करून आणला आणि ती शांत होईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिले.

शेवटच्या दिवशी टेम्पो सामान घेऊन गेला. उघड्या फरशीवर दोघं शेजारी टेकली. 'जरा बसते' म्हणता म्हणता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि तिचं डोकं सरांच्या खांद्यावर होतं.

"उठवलं का नाहीत?"

"हात पार बधिर झालाय," ते हळूच म्हणाले.

"मग हलवायचा ना..."

"हलवला असता तर तुम्ही उठून गेला असता. आणि उद्यापासून तुम्हाला इकडे यायला काही कारण उरलेलं नाही."

तिने ओढणी सावरली.

"उद्या माझी सुट्टी आहे, तुमच्याकडे येईन," ती म्हणाली. "पण मला काही आवरायचं नाही, उचलायचं नाही. चालेल?"

"चालेल."

"मग आता थोडं सरका... दुसऱ्या बाजूला बसते."