दिग्याची सायकल घरी आली तो दिवस

ही घटना खरी आहे. पटो न पटो.

ज्याच्यासोबत घडली तो रणधीर माझा मावसभाऊ. थापा मारायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं आहे, त्याच्याकडं नाही.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. गेल्या वर्षीच्या मार्चमधली टळटळीत दुपार होती, आणि जागा... जळकोटच्या मागचा माळ.

रणधीर आणि दिग्विजय, म्हणजे दिग्या, लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांकडं गिअरच्या, जाड टायरच्या सायकली. रविवार उजाडला की दोघं माळावर. वाटेत काही बिघडलं तर कामाची वाटणी ठरलेली. दिग्या चेन जोडणार, पंक्चर काढणार, आणि रणधीर सावली बघून मोबाइल काढणार.

"बघून तरी ठेव की रं," दिग्या म्हणायचा.

रणधीरनं कधी बघितलं नाही. दिग्या असताना गरजच काय होती?

दिग्याची एक सवय मात्र त्याच्या ध्यानात राहिली होती. टायरमधून उपसलेला बाभळीचा काटा तो फेकून द्यायचा नाही, दगडाखाली दाबून ठेवायचा. मेंढरांच्या पायात जाऊ नये म्हणून.

त्याच माळाच्या उतारावर दिग्या एकटाच असताना पडला. डोकं दगडावर आपटलं. मेंढरं राखणाऱ्या गुंडाप्पांना तो दिसला, पण उमरग्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना.

वडिलांनी शब्द दिला, काकांनी दिला. कावळा झाडावरून नुसता बघत होता. ऊन तापलं, लहान पोरं पेंगायला लागली. शेवटी रणधीर पुढं झाला.

"दिग्या, तुझी सायकल मी घरी आणतो. टेम्पोत घालून नाही, चालवत आणतो."

कावळा खाली आला.

शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा? सायकल गुंडाप्पांच्या खोपीत पडून होती. चेन तुटलेली, पुढचं चाक बसलेलं. आणि रणधीरला साधा पानाही नीट धरता येत नव्हता. तरी दिग्याची हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून तो त्याच दुपारी निघाला. दिलेला शब्द मोडला तर दिग्याचा जीव अडकून राहील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गुंडाप्पांनी सायकल बाहेर काढून दिली.

"घेऊन जा बाबा. रोज दुपारी हिचं चाक आपसूक फिरतंय. वारं न्हाय, वावटळ न्हाय."

रणधीरनं ते कानाआड केलं.

सायकल ढकलत तो माळावरच्या एका बाभळीपाशी आला. पिशवी उघडली. आत पंप, पाने, चेनच्या कड्या... कशानं काय करायचं, काही म्हणजे काही कळेना. चेनला हातसुद्धा न लावता तो सायकलकडं पाठ करून खाली बसला आणि रडायला लागला. दिग्या गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात...

फुस्... फुस्... फुस्...

मागं कुणीतरी पंप मारत होतं.

रणधीर जागचा हलला नाही. मान वळवायची हिंमत झाली नाही.

पंप थांबला. मग... टिक टिक टिक टिक... मोकळं चाक फिरल्याचा आवाज. चेन बसली की दिग्या एकदा असंच चाक फिरवून बघायचा.

मग तोही आवाज थांबला. बाभळीवरचा होला पक्षीही घुमायचा थांबला होता. माळावर नुसतं ऊन होतं.

रणधीर वळला.

कुणी नव्हतं.

चेन जोडलेली होती. पुढचं चाक दगडासारखं टणक होतं. चाकापाशी एक चपटा दगड ठेवलेला होता. त्यानं तो उचलला...

खाली बाभळीचा काटा होता.

त्यानं दगड पुन्हा होता तसा ठेवला आणि सायकल चालवत गावात आणली. वाटेत एकदाही मागं बघितलं नाही.

दिग्याची आई, कस्तुराबाई, परसात मोरीपाशी बसल्या होत्या. सायकल बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"तू मागं राहिलास व्हय?" त्या म्हणाल्या. "तो तर कवाच आला. हात धुतले अन् गेला."

त्यांनी हात पुढं केला. तळव्यावर साबण होता, दहाव्याच्या अंघोळीसाठी सकाळीच फोडलेला, पांढरा. त्यावर... ग्रीसची काळी बोटं उमटली होती.

ग्रीसचे हात साबणाला लावतो म्हणून त्या माउलीनं दिग्याला रोज शिव्या घातल्या होत्या.

"आज म्या त्याला काय बोलले न्हाय रं," त्या म्हणाल्या.

रणधीरनं आपले हात बघितले. स्वच्छ होते.

तो साबण त्या घरात अजून कुणी वापरलेला नाही. सायकल आता रणधीर चालवतो, पण दुरुस्ती शिकायचं नाव काढत नाही. मी एकदा त्याच्यावर चिडलो, तेव्हा तो म्हणाला, "शिकलो तर तो कशाला येईल?"

गेल्या महिन्यात मी त्याच्यासोबत माळावर होतो. पंक्चर झालं. त्यानं मलाही पाठ फिरवून बसायला लावलं. बराच वेळ बसलो. काही ऐकू आलं नाही. शेवटी हवा गेलेली सायकल ढकलतच निघालो.

निघताना रणधीरनं चाकापाशी पडलेला एक दगड उचलून बघितला... आणि हळूच परत ठेवला.

खाली काय होतं, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.