सात काठ्यांचा सूड

"ओढ! तूही ये ना, जोर लाव!" गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या इक्राने बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

"अगं, पण आजाला कळलं तर?" धनेश काठावरूनच कुजबुजला.

"कळू दे! त्या नंदकिशोरची बोट रुतू दे गाळात. चार तास उन्हात भाजू दे त्याला. मग बघ मी कसा व्हिडिओ काढते!"

बारा वर्षांच्या इक्राचा राग साधासुधा नव्हता. गोटीराम हा खरं तर धनेशचा आजा. पण इक्राला पाचव्या वर्षी पहिला फ्लेमिंगो त्यानेच दाखवला होता, तेव्हापासून तो तिचाही आजाच. बेलापूरच्या खाडीत चाळीस वर्षं त्याची होडी चालत होती. पक्ष्यांपासून लांबच तो वल्हं थांबवायचा आणि पाहुण्यांना दटावायचा, "गप बसा, जेवतान ते!" तरीही, किंवा म्हणूनच, त्याच्या होडीला गर्दी व्हायची.

आणि मागच्या आठवड्यात ती होडी चौदा पाहुण्यांसकट गाळात रुतली! खाडीतली वाट दाखवायला आजाने बारा बांबू रोवले होते. त्यातले सात जागेवर नव्हतेच. सकाळच्या धुरकट उजेडात त्याची वाट चुकली. शेजारच्या 'कॅरिबियन डेज' कॅम्पच्या नंदकिशोरने मदत करायची सोडून व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, 'म्हातारा पिऊन होडी चालवतो,' आणि दिसेल त्याला पाठवला. आजाने तर आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता! पण होडीवाल्यांच्या सोसायटीने त्याची होडी बांधून ठेवायला लावली. रविवारी मीटिंग होती. परवाना कायमचा जाणार, असं धक्क्यावर जो तो म्हणत होता. आजाने घराबाहेर पडणंच सोडलं होतं.

म्हणून इक्रा उरलेल्या पाच काठ्या उपटायला आली होती.

"सोड ती काठी."

दोघं दचकून वळली. मागे गोटीराम आजा उभा होता. पोरं खाडीत उतरलेली दिसली, म्हणून तो आठवड्यात पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता.

"पोरी, वैर कराचा तं जमिनीवर कर. पान्यान दुश्मनाला पन काठी दाखवाची, खाडीचा कायदा हाय. त्याचे बोटीन बारकी पोरां बसतान."

इक्राने काठी सोडली. राग मात्र सोडला नाही!

धक्क्यावर पाय धुताना ती एकदम थांबली. "धनेश, काठ्या उधाणात वाहून गेल्या म्हणतात ना? मग आधी बाहेरच्या, खोल पाण्यातल्या जायला हव्यात. त्या तर आहेत. गेल्या त्या कॅम्पसमोरच्या सात!"

"म्हणजे वाहून नाही गेल्या..."

"नेल्या! चल!"

कॅम्पच्या दारावर भलामोठा फलक होता : 'जबाबदार साहस! निसर्गसुट्टी! कॅरिबियन बेटावरचे नियम, आता आपल्या खाडीत. नियम पहिला : निसर्गाच्या जागेतली कुठलीही वस्तू जागची हलवू नये.'

"वेलकम, वेलकम!" फुलाफुलांचा शर्ट आणि गवती टोपी घातलेला नंदकिशोर पुढे आला. "मी स्वतः कॅरिबियनला जाऊन सगळं शिकून आलोय. पूर्ण नऊ दिवस! उद्या बोटीत या. थेट थव्यात घालतो, सगळे फ्लेमिंगो एकदम उडतात. व्हिडिओ एकदम झकास!"

"वा! हे जबाबदार साहस का, अंकल?" इक्राने विचारलं. टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला.

धनेशने तिला कोपर मारलं. समोर झावळ्यांची गोल झोपडी होती आणि तिला खांब होते बरोबर सात! एका खांबावरच्या काथ्याखालून हिरव्या कापडाचं टोक डोकावत होतं.

"आजीचं लुगडं," धनेश कुजबुजला. "गोजराआजी गेली ना, तेव्हा आजाने तिच्या लुगड्याच्या चिंध्या काठ्यांना बांधल्या. म्हणायचा, आता तीच मना वाट दाखवते."

इक्राच्या डोक्यात सणक गेली. बुटाची लेस बांधायचं निमित्त करून ती खाली बसली आणि खांबाच्या बुडाशी वाळू उकरू लागली. बोटाला काहीतरी कचकन कापलं. कालवं! बांबूच्या बुडाला त्या धारदार शिंपल्यांचा, खाऱ्या पाण्यातच धरतो तसा, थर चढला होता.

"आत्ताच ओरडूया!" धनेश पुटपुटला.

"गप! आत्ता ओरडलो तर रातोरात सगळे खांब जाळून टाकेल. सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून काढायचं." इक्रा उठली आणि गोड हसली. "अंकल, सोसायटीची रविवारची मीटिंग इथेच ठेवा ना! सगळे बघतील तरी तुमचं कॅरिबियन."

"गुड आयडिया, बेटा! नाश्ता माझ्यातर्फे!"

ससा स्वतःच्या पायाने पिंजऱ्यात शिरला! शनिवार इक्राला जाता जाईना.

रविवारी वीसेक होडीवाले झोपडीत जमले. मध्ये अध्यक्ष सरस्वतीकाकू, आणि सगळ्यात मागे मान खाली घालून गोटीराम आजा. पॅटिस वाटून झाल्यावर इक्रा मोठ्याने म्हणाली, "किती मस्त झोपडी! हे बांबू कुठले, अंकल?"

"तुर्भ्याहून! एकेक निवडून, टेम्पोतून आणलेत."

"खाडीचं पाणी नाही ना लागलं त्यांना?"

"थेंबसुद्धा नाही!"

"धनेश, खण!"

धनेशने खुरप्याने भराभर वाळू उपसली. पांढरी कालवं उन्हात चमकली.

"मग तुर्भ्याच्या बांबूला कालवं कशी चिकटली, अंकल? तिकडे मार्केटात पिकतात वाटतं?"

हातातली पॅटिस हातातच राहिली! धनेशने काथ्याखालची चिंधी ओढून काढली. आजा पुढे आला, त्याने ती चिंधी हातात घेतली आणि डोळ्यांना लावली. "माझे गोजराचा लुगरा," एवढंच तो बोलला.

"अहो, ते... फोटोत बांबू मध्ये येत होते... जस्ट व्ह्यूसाठी..." नंदकिशोरला घाम फुटला.

"व्ह्यूसाठी? चौदा मानसं रुतली ना तिकडं!" सरस्वतीकाकू कडाडल्या. "गोटीभाऊंची होडी आत्ताच्या आत्ता सुटेल. आमी पन शहानिशा न करता बांधली, आमचंच चुकलं. आनि तुमी, जिथं जिथं तो व्हिडिओ धाडलात, तिथं तिथं माफी धाडा! गोटीभाऊ, आजून काय शिक्षा देऊ याला?"

आजाने इक्राकडे बोट दाखवलं. "तिला इचारा. उरलेल्या काठ्या हिनं उपटल्या असत्या, तं आज याला जाब इचाराला तोंड नसता. शाबास पोरी!"

"पोरांनी आमचे डोले उघडले," काकू म्हणाल्या. "बोल, इक्रा."

आठ दिवस इक्रा याच क्षणाची वाट बघत होती! ती फलकापाशी गेली.

"नियम पहिला, अंकल. मोठ्याने वाचा."

"निसर्गाच्या जागेतली... कुठलीही वस्तू... जागची हलवू नये."

"मग सातही काठ्या होत्या तिथे परत. स्वतःच्या हाताने. आत्ताच! ओहोटीच आहे."

झोपडी मोडून नंदकिशोर एकेक काठी घेऊन कमरेइतक्या गाळात उतरला. गवती टोपी पहिल्याच काठीला चिखलात पडली, फुलाफुलांचा शर्ट तिसरीला ओळखू येईना. होडीत उभा राहून आजा वल्ह्याने जागा दाखवत होता. धनेश काथ्याखालून निघालेल्या चिंध्या देत होता आणि नंदकिशोर त्या एकेक करून बांधत होता. लांबवर फ्लेमिंगो निवांत जेवत होते. चार तास झाले. इक्राने एक सेकंदही नजर हलवली नाही.

"झाली! सातवी झाली!" नंदकिशोर धापा टाकत म्हणाला.

आजा पाघळला. "जराशी वाकरी हाय, पन चालंल."

"नाही चालणार!" इक्रा धक्क्यावरून ओरडली. "काढा आणि परत रोवा!"