लंगडी गाय कशी मेली?

"माझ्या वडिलांनी सात गाई मारल्या असं सगळे म्हणतात," दारात उभी राहूनच ती बाई म्हणाली. "आणि तेही हो म्हणतात."

"मग संपलंच की!" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी दिराकडे नुसतं पाहिलं. खासगी तपासाचा धंदा वहिनींचा होता. निवृत्त झालेले भाऊजी गाडी चालवत, भूक लागली की सांगत आणि मत न विचारता देत.

बाई बसली. तिचे वडील एका मोठ्या शेतावर गाई सांभाळत. तिचा नवरा तिथेच वैरण कापून आणायचा. परवा दुपारी वडील जेवायला गेले असताना आवाराचं फाटक उघडं राहिलं, गाई शेजारच्या ज्वारीत घुसल्या आणि घटकाभरात पटापट पडल्या.

"ज्वारीने गाई मरतात?" भाऊजींनी विचारलं.

"कापलेल्या ज्वारीला पाण्याच्या ताणात कोवळे फुटवे येतात ना, ते विषारी असतात. पोरंटोरंसुद्धा जनावर तिकडे जाऊ देत नाहीत." बाईचा आवाज फाटला. "मालकांनी उद्या खोली सोडायला सांगितलंय. वडील भिंतीकडे तोंड करून पडलेत, अन्नाला शिवत नाहीत. ते असे जायला नकोत हो. या डागासकट तर नकोच."

शेत सुरेख होतं, आणि म्हणूनच तिथली शांतता अंगावर येत होती. शेवरीच्या झाडांच्या रांगा, रांगांमध्ये गवत, आणि आवाराला लागून एक चर ओलांडला की ज्वारीचा तुकडा. सात खुंटे रिकामे होते.

मालक भडकलेलेच होते. "मला काय विचारता? म्हातारा स्वतः कबूल झालाय!"

"तुम्हाला गाई काढून टाकायच्या होत्या म्हणे?" वहिनींनी विचारलं.

"विकायच्या होत्या. मेलेल्या गाई कोण घेतं?"



जावई पडेल आवाजात बोलला. "त्या दुपारी मी ओढ्यापलीकडच्या तुकड्यातला मका आणला, कुट्टी करून गव्हाणीत टाकली आणि हातपाय धुवायला गेलो. परत येतो तर फाटक सताड उघडं, गाई ज्वारीतून परत येतायत आणि आवारात येऊन कोसळतायत. मामा फाटकाचा दोर बांधायला विसरले. वय झालं त्यांचं."

"गव्हाण स्वच्छ दिसतेय. कोणी धुतली?"

"मीच. घाण झाली होती."

म्हातारबाबा गोठ्यामागच्या खोलीत होते. उशाशी झाकलेलं ताट तसंच पडलेलं. "विसरलो मी," ते भिंतीला म्हणाले. "माझीच चूक."

"सगळ्या गाई आवारात मोकळ्या असायच्या?"

"लंगडी सोडून. तिचा पाय मोडलेला, ती आत कोपऱ्यात बांधलेली असायची."

"तीही गेली?"

"गेली."

"मग बाबा, लंगडी कशी मेली?"

म्हाताऱ्याने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

वहिनी ज्वारीच्या तुकड्यात वाकून फिरल्या. ज्वारीच्या दोन ओळींत चवळी पेरलेली होती आणि तिचे वेल हिरवेगार पसरले होते. वहिनींनी एक पान तोडून चघळलं. मग त्या ओढा ओलांडून मक्याच्या तुकड्याकडे गेल्या. मक्यासोबत पेरलेल्या गोकर्णाने पायवाट आडवी बांधून टाकली होती; वेलाचे शेंडे मक्याच्या एका ताटावरून दुसऱ्या ताटावर गुंडाळले होते. तुकड्यात शिरायला दुसरी वाट नव्हती. भाऊजी वेल तोडून पुढे जाणार, तोच वहिनींनी त्यांचा दंड धरला.

"तोडू नका. हा साक्षीदार आहे."

"वहिनी, उपाशीपोटी मला कोडी घालू नका."

संध्याकाळच्या आत त्यांनी सगळ्यांना आवारात बोलावलं. म्हातारबाबा मुलीच्या आधाराने खोलीच्या उंबऱ्यात बसले.

"गाई ज्वारीत गेल्याच नव्हत्या," वहिनींनी सुरुवात केली. "गाय जिभेने वेढा घालून ओरबाडते, बुडखा फाटतो. ज्वारीचा प्रत्येक फुटवा सरळ कापलेला आहे, विळ्याने. आणि भुकेली गाय चवळी सोडून ज्वारी खाईल? वेलाचं एक पान खाल्लेलं नाही, एक वेल तुडवलेला नाही."

मालक पुढे सरकले.

"लंगडी तर चर ओलांडूच शकत नव्हती. तरी ती त्याच विषाने मेली. म्हणजे गाई विषाकडे गेल्या नाहीत, विष गव्हाणीत आलं. वैरण आणणारा सांगतो, ओढ्यापलीकडचा मका होता. पण तिथल्या वाटेवर गोकर्णाचा वेल अखंड आहे. गेल्या कित्येक दिवसांत तिथे माणूस गेलेला नाही."

कोणी जावयाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"ऊन मी म्हणत होतं," तो एकदम बोलू लागला. "ओढा ओलांडून डोक्यावर भारा आणायचा... हे इथे हाताशी होतं. वाळक्या कडब्यात मिसळून कुट्टी केली की विष मरतं असं वाटलं मला. थोडंसंच होतं हो! पहिली पडली तेव्हा म्हटलं, त्या आपणच ज्वारीत गेल्या असं दिसू दे. फाटक मी उघडलं. मारायचं नव्हतं मला कोणाला."

"गाईंना नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "सासऱ्याला मात्र दोन दिवस थोडं थोडं मारत होतास."

बाई नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती वडिलांसमोर बसली. "तुम्हाला ठाऊक होतं, बाबा?"

"लंगडीला पाहिलं तेव्हाच कळलं." म्हाताऱ्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "गाई तर गेल्याच होत्या पोरी. म्हटलं, तुझं घर तरी राहू दे."

मालकांनी घसा खाकरला. "खोली म्हाताऱ्याचीच राहील. जावयाने उद्या निघायचं."

"आणि मी?" तिने विचारलं.

मालकांनी मान वळवली.

"मीच तुम्हाला बोलावलं, बाई," ती वहिनींना म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, आणि तेच वहिनींना सोसवेना.

म्हातारबाबांनी ताट मागवलं. मुलीने ते पुढ्यात ठेवलं. गार झालेल्या अन्नाचे त्यांनी दोन वाटे केले, एक तिच्याकडे सरकवला आणि आपला घास उचलून तिच्या तोंडाकडे पाहत थांबले.