समूळ शुद्धी

डॉ. मुजावरांनी जंतुपेढीचं जाड दार ओढून शालन तांबट यांचा गोठवलेला नमुना बाहेर काढला आणि कोमट पाण्यात ठेवला. तेवढ्यात शल्यविशारद डॉ. रेवती सोनटक्के आत आल्या.

"राहू द्या, मुजावर. त्या नको म्हणतायत."

"स्वतःचेच जंतू परत घ्यायला नको?"

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी रेचक देऊन पोट रिकामं करायचं आणि प्रतिजैविकं द्यायची, ही पद्धत जुनीच. पण जुन्या औषधांना जंतू दाद देईनासे झाले आणि टाक्यांत पू होऊन माणसं दगावू लागली. तेव्हा नव्या औषधाने होणारी समूळ शुद्धी आली. तिच्यानंतर आतड्यात एकही जंतू उरत नसे. म्हणून रुग्णाचे जंतू आधीच काढून जपायचे आणि जखम भरली की परत सोडायचे.

मधल्या काळात माणूस बधिर होई. आतड्यातले जंतू मज्जातंतूवाटे मेंदूला सतत काही ना काही कळवत असतात. ते थांबलं की सगळं समजतं, पण मनाला काही लागत नाही.

खोलीत शालनताई उशीला टेकून पेज पीत होत्या. गाठ पूर्ण निघाली होती. शेजारी त्यांचे यजमान दिगंबर बसले होते. वर्षापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा केदार घाटात मोटारसायकल घसरून गेला. तेव्हापासून शालनताई रोज संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकू येतो का बघत. जेवण जवळजवळ सुटलंच होतं.

"आता बरं वाटतंय का?" रेवतींनी विचारलं.

"बरं नाही वाटत. वाईटही नाही. केदार गेला हे मला माहीत आहे, सगळं आठवतंय. पण घास गिळता येतो. मला ते परत नको."

"अगं, पण मी?" दिगंबर म्हणाले. "काल तुझा हात धरला, तर तू नुसती बघत राहिलीस."

"हो. तुमचा हात गार होता."

रेवतींच्या मागोमाग आलेले मुजावर पुढे झाले. "ताई, एक गोष्ट सांगायला हवी. या औषधानंतर आतड्याचं अस्तर परक्या जंतूंना टिकू देत नाही. वर्षानुवर्षं सवयीचे झालेलेच तिथे रुजतात. आणि एका घरात जेवणाऱ्या नवरा-बायकोचे जंतू सारखेच झालेले असतात. तुम्ही नमुना घेतला नाहीत, तरी काही महिन्यांत यजमानांकडून ते तुमच्यात येतीलच."

दिगंबरांचा चेहरा उजळला.

"मग मला यांच्याबरोबर राहता येणार नाही," दूध नासलंय असं सांगावं तशा शालनताई म्हणाल्या आणि पेजेची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिगंबर रेवतींच्या खोलीत आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मलाही ते औषध द्या. आजार नसला तरी स्वतःहून मागून घेता येतं म्हणे आता."

"कायद्याने येतं. पण तुम्हाला आजार काय आहे?"

"मुलगा गेला, बाई. आता ही पण चालली. माझ्यातले जंतू गेले की तिला माझी भीती उरणार नाही. एका घरात राहू."

"केदारसाठी रडणारं कुणी राहणार नाही मग."

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"नाही राहणार," ते म्हणाले. "पण ती राहील."

रेवतींनी होकार दिला. औषधाआधी काढलेला त्यांचाही नमुना पेढीत राहणारच होता. पश्चात्ताप झाला तर परत देता येईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आठवड्यानंतर दोघांना एकाच सकाळी घरी सोडायचं ठरलं. दिगंबर गुळगुळीत दाढी करून बसले होते. शालनताई पिशवी भरत होत्या.

"आता एकत्र राहायला काहीच अडचण नाही," रेवती म्हणाल्या.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"अडचण नाही," दिगंबर म्हणाले, "पण गरजही वाटत नाही."

"मलाही नाही," शालनताई म्हणाल्या. "इचलकरंजीतली बहिणीची खोली रिकामी आहे. कोल्हापूरचं घर तुम्हाला राहू दे."

"चालेल."

रेवती दिगंबरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "दिगंबरराव, ज्यासाठी तुम्ही हे केलंत ते आठवतंय ना? नमुना ठेवलाय. आत्ता परत देते."

"आठवतंय की. हिच्याजवळ राहायचं होतं." त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "पण कशाला?"

रेवतींनी घरी सोडायच्या कागदांवर सही केली. तिघं जिना उतरून फाटकाशी आले. दिगंबरांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. शालनताईंनी ती पाहिली आणि नजर रस्त्याकडे वळवली.

"रिक्षा दोन बोलवा," दिगंबर पहारेकऱ्याला म्हणाले.