फोडणीनंतरचा ठसका

सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हा माझा धंदा. त्यामुळे २००६ साली मनीषने स्वतः केलेल्या संगीताची सीडी ऑफिसच्या गेटवर माझ्या हातात ठेवली, तेव्हा नावं ठेवायच्या तयारीनेच मी ती जांबे गावातल्या आमच्या भाड्याच्या घरी आणली. मनीष आमच्याच टीममधला. नोकरी सोडून कोळवणला कुणाच्या तरी फार्महाऊसवर राहायला गेला होता. खरं तर कॉलेजात कीबोर्ड वाजवायचो मी, आणि सीडी काढली त्याने.

सीडीत ना चाल, ना शब्द. खरखर, टिकटिक, मधेच भांडं घरंगळल्यासारखं काहीतरी. "याला संगीत म्हणायचं?" मी म्हटलं. पण माझ्या बायकोने, उत्कर्षाने, चौथा ट्रॅक पुन्हा लावला. मग रोजच. भाजी चिरतानाही ती तोच गुणगुणायची. माझ्या कीबोर्डवर तिने कधी मान डोलावली नव्हती. पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू.

आणि ट्रॅक चांगला होता, हे जास्त दुखत होतं. एक बारीक चर्र उठायची, पसरायची आणि तिच्यातूनच ठेका धरायची. मला हे सात जन्मात जमलं नसतं.

एकदा घरमालकीण चंद्राबाई ताक द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"ह्यो बाजा न्हाई," त्या म्हणाल्या. "फोडणी हाय. आन् ह्ये तुमी ठसकताय."

मी ट्रॅक मागे घेतला. चर्र. दोन बांगड्या. मग ठसका. मिरचीच्या फोडणीने मला रोज लागतो तोच, शेवटी बारीक शीळ वाजणारा. मग पेल्यात पाणी. तेही उत्कर्षा मला रोज आणून देते.

म्हणजे याने माझ्या घरात रेकॉर्डर ठेवला होता. आणि ठेवायला तो माझ्या माघारी आला होता.

रविवारी मी कोळवण गाठलं. मनीष पडवीत कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"माझ्या घरी कधी आला होतास?"

"तुझं घर मी पाहिलेलंही नाही."

"मग ते आवाज?"

"सगळे इथेच बनवलेत. माइकसुद्धा नाही माझ्याकडे."

मी खोली धुंडाळली. खरंच नव्हता. शेगडीही नव्हती, डबा गावातून यायचा.

"आणि तो ठसका?"

"कसला ठसका?" म्हणता म्हणता त्यालाच ठसका लागला. शेवटी बारीक शीळ वाजली.

मी पाणीही न घेता निघालो.

घरी सीडी बंद होती, बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. उत्कर्षा कढईपाशी गुणगुणत होती. मी तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"उत्कर्षा."

तिने वळून पाहिलं नाही. मिरच्या टाकल्या. चर्र. दोन बांगड्या वाजल्या. धूर सरळ माझ्या तोंडावर आला.

मी ठसक्याची वाट पाहिली.

घसा गप्प होता.

ठसका बाहेरच्या खोलीतून आला. शेवटी बारीक शीळ.

"आणते हं पाणी," उत्कर्षा म्हणाली. इतक्या लाडाने ती मला कधीच म्हणाली नव्हती.

पेला भरून ती बाहेर गेली. मी दारातच वाट अडवून उभा होतो. तिला बाजूला व्हावं लागलं नाही.