मधल्या आवाजासाठी तीन हॉर्न

झेरॉक्सच्या दुकानात तिच्या हातातली चळत निसटली आणि सुरावटींची पानं फरशीभर पसरली. ती उचलायला शेजारचा माणूस वाकला, तो उठायलाच तयार होईना. उकिडवा बसून, एक पान नाकाशी धरून तो काहीतरी गुणगुणत होता.

"पान देता का?" ती म्हणाली.

"हे हॉर्नचं आहे ना?"

हॉर्न म्हणजे गाडीचा नव्हे, गोगलगायीसारखं वळलेलं पितळी वाद्य. ते ओळखणारा माणूस रस्त्यात भेटत नाही. "तुम्हाला वाचता येतं?"

"वाजवताही येतं. पण हे नाही येणार." त्यानं पानावर बोट ठेवलं. "इथून इथपर्यंत तीन ओळी श्वासाला जागाच नाही. ज्यानं लिहिलंय त्याला हॉर्नवाल्याचा जीव घ्यायचाय."

"ज्यानं नाही. जिनं."

त्यानं वर पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पान तिच्या हातात देत तो हळूच म्हणाला, "मग... गेला तरी हरकत नाही."

ती गंभीर चेहऱ्यानं बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळल्यावर एकटीच हसली.

तिचं काम तसं कुणाला सांगूनही कळायचं नाही. व्हायोलिनांसाठी, शंभर गळ्यांसाठी रचलेल्या मोठ्या रचना ती गावातल्या चौतीस जणांच्या बँडसाठी नव्यानं लिहायची. व्हायोलिनचं क्लॅरिनेटला, गळ्यांचं पितळेला. हाती घेतलेली रचना मात्र जिवाजवळची होती. तिची आई गावच्या गायकवृंदात एकोणीस वर्षं हीच गायली होती. वरचा सूर लोकांच्या तोंडी बसतो, खालचा पोटात घुमतो. आई गायची तो मधला आवाज, जो नसला तरच कळतो. पाच वर्षांपूर्वी माणसं पांगली, गायकवृंद मोडला. तेव्हापासून आईनं घरात साधं गुणगुणणंही सोडलं होतं.

म्हणून तो मधला आवाज तिनं तीन हॉर्नांना दिला होता. बँडमास्तरांना ते पटेना. "सूर ट्रम्पेटला दे, बाकीचे ठेका धरतील. हॉर्नवाले जन्मभर पम्-पम् करत आलेत, बाई."

"म्हणूनच," ती म्हणाली.

पहिल्या तालमीला तिसऱ्या हॉर्नच्या खुर्चीवर झेरॉक्सच्या दुकानात भेटलेला तो माणूस बसलेला. नुकताच बँडमध्ये आलेला, दिवसा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यामुळे तासाभरात सगळ्यांचा 'लिफ्टवाला' झाला. पण रचना काही वर चढेना. दुसऱ्या ओळीलाच तिन्ही हॉर्न एकदम धापा टाकत थांबले. बँडमास्तर शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत बसलं तर बसलं. नाहीतर कवायतीच्या धुना वाजवू."

"बसेल," ती म्हणाली.

"बसेल," मागून लिफ्टवालाही म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग तो रोज संध्याकाळी कामावरून थेट तिच्या घरी येऊ लागला. कधी बाकीच्या दोघा हॉर्नवाल्यांना घेऊन, कधी त्यांना 'निरोप द्यायला विसरून'. ती लिहायची, तो वाजवायचा, ती खोडायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

"एवढा हट्ट कुणाकडून घेतलास?" त्यानं एकदा विचारलं.

"आत भाजी निवडतेय, तिच्याकडून."

तिसऱ्या दिवशी तिघांचा दम पुन्हा एकदम तुटला, तेव्हा आई हात पुसत दारात आली. "अरे, तिघं मिळून एकाच वेळी श्वास का घेता? आम्ही आळीपाळीनं घ्यायचो. एकीनं सोडलं की दुसरी धरून ठेवायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही." तिनं मुलीच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि उभ्याउभ्याच तिन्ही पानांवर खुणा केल्या. खुणा करता करता ती गुणगुणत होती. मुलीनं मान वर केली नाही. वर पाहिलं असतं तर आई थांबली असती.

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "हा तिसरा, रोज येतो तो... हॉर्नसाठीच का?"

"आई."

"मी फक्त विचारलं."

शनिवारी तालमीला आई आपणहून आली, मागच्या बाकावर बसली. सुरू व्हायला पाच मिनिटं असताना लिफ्टवाल्यानं वाद्याला तोंड लावलं, काढलं, रुमालानं घाईघाईत पुसलं. तिनं रुमाल पाहिला. रक्त होतं.

"ओठ फाटलाय. कधीपासून?"

"काल... शेवटच्या ओळीचे वरचे स्वर जरा जोर मागतात. होईल."

तिनं त्याच्या पुढ्यातलं पान काढून घेतलं. पाच वर्षं मनात धरलेला आवाज. शेवटची ओळ तिनं सरळ रेघ मारून खोडली आणि सॅक्सोफोनच्या पानावर उतरवली.

"आवाजाचा रंग बदलेल," बँडमास्तर म्हणाले.

"बदलू दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तू तर एक स्वर हलवायला तयार नव्हतीस."

"स्वर हलवता येतात," ती खाली बघत म्हणाली. "ओठांची एकच जोडी मिळते."

रचना सुरू झाली. दुसरी ओळ आली, गेली. हॉर्न कुठेच तुटले नाहीत. शेवटी सॅक्सोफोननं तो आवाज अलगद उचलून नेला आणि तो वेगळाच, थोडा ऊबदार निघाला. मागच्या बाकावर आई डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते. बँडमास्तरांनी काठी खाली ठेवली, कवायतीच्या धुनांची पानं बाजूला सारली आणि म्हणाले, "कार्यक्रमात हेच शेवटी घेऊ."

वाद्यांच्या खोलीत वाद्यं पेट्यांत ठेवताना तो तिच्यासमोर उभा राहिला.

"बोलायला दुखतंय," तो म्हणाला, "म्हणून एकदाच विचारतो. हॉर्नचं निमित्त संपलं... मी तरीही रोज आलो तर? कायमचाच?"

तिनं पेटीचा खटका लावला, उठली, आणि रुमालाची कोरडी बाजू त्याच्या ओठाला हलकेच टेकवली.

"ये," ती म्हणाली. "आता बोलू नकोस. हसूही नकोस, पुन्हा फाटेल."

बोलणं त्याला आवरता आलं. हसणं नाही.