उजवीकडची खुर्ची

शिवकांता धापा टाकत क्लासमध्ये शिरली तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढची, डावीकडची. उजवीकडच्या खुर्चीवर एक मुलगा ऐसपैस बसला होता आणि माउस त्याच्या मुठीत होता.

"ओ, जरा सरका की," ती म्हणाली.

तो सरकला. माउससकट सरकला.

तिचं डोकं तिथंच तापलं. पहाटेपासून टँकरच्या रांगेत ताटकळायचं, घागरी भरून घरी ओतायच्या, ओल्या ओढणीनं पळत यायचं, आणि इथं आल्यावर हे साहेब माउस धरून बसलेले!

क्लासमध्ये कॉम्प्युटर थोडे आणि पोरं भारंभार. पाऊस रुसला होता, शेतात काही उगवलं नव्हतं, लातूरला तर प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं. त्यातच उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की जागा निघणार... गुरुलिंग सरांनी लगेच दारावर भलामोठा फलक लावला आणि हाताला काम नसलेली सगळी तरुण पोरं आत कोंबली. वर लाइट गेली की इन्व्हर्टरवर निम्मेच कॉम्प्युटर चालायचे. म्हणून एका कॉम्प्युटरवर दोघं. उजवीकडं बसेल त्याला माउस, डावीकडं बसेल त्याला कीबोर्ड. जो आधी येईल तो उजवीकडं.

उजवीकडं सगळे मुलगेच का, हे शिवकांताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना कुणी पाण्याला धाडत नव्हतं.

"सर, मला माउस कधी मिळणार?" तिनं विचारलं.

"ॲडजस्ट करा बेटा," सर म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले.

ॲडजस्ट! आयुष्यभर हा शब्द डावीकडच्यांनाच ऐकावा लागतो, असं तिला वाटलं आणि ती आणखीच चिडली.

तिचं चिडणं उगाच नव्हतं. तिचे वडील शिवप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापं घालायचे. औंदा धान्यच आलं नाही, तर मापं कशाची घालणार? हैदराबादला काकानं वॉचमनचं काम बघून ठेवलं होतं आणि क्लासची परीक्षा झाली की सगळं घर तिकडं जाणार होतं. एकच गोष्ट ते जाणं अडवू शकत होती. मोंढ्यातल्या एका अडत्याला दुकानात कॉम्प्युटरवर बसणारं माणूस हवं होतं. "पोरगी पास होऊ द्या, तिलाच बसवतो," असा शब्द त्यानं दिला होता. तिला उदगीर सोडायचं नव्हतं. अजिबात सोडायचं नव्हतं.

माउस नाही तर नाही! भिंतीवर शॉर्टकटचा एक मळका तक्ता होता, तो तिनं रागारागानं पाठ केला. एका सकाळी शेजारचा तो मुलगा फाइल सेव्ह करायला वरच्या पट्टीवर बाण फिरवत बसला होता. तिनं कंट्रोल धरून एस दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग तिच्या बोटांकडं, आणि मग... नको तितका वेळ तिच्याकडं.

"हे कुठं शिकलाव तुम्ही?"

"तुम्ही माउस सोडत न्हाई, मग मी काय भिंतीकडं बघत बसू? भिंतीकडंच बघितलं, म्हणून आलं."

तो हसला. त्याचं नाव बसवराज. फोटो स्टुडिओत कामाला होता, दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे पासपोर्ट फोटो कापायचा. म्हणून माउस त्याच्या हातात असा फिरायचा की बघत राहावं. तिनं अर्थातच कधी बघितलं नव्हतं. म्हणजे, त्याला दिसेल असं बघितलं नव्हतं.

"तुमचाबी फोटो मीच काढलाय," तो एकदा म्हणाला. "क्लासच्या फॉर्मचा. लई रागात होता तुम्ही."

"मग दुसरा कामून न्हाई काढला?"

"काढणार होतो..." तो माउसशी चाळा करत म्हणाला, "पण तसाच बरा वाटला."

तिचे कान तापले. तिनं आल्ट धरून एफ-फोर दाबलं, 'ठेवायचं का?' या प्रश्नाला एन दाबून नाही म्हटलं आणि त्याचं निम्मं काढलेलं चित्र बंद करून टाकलं.

"अहो! माझं चित्र!"

"माझी मर्जी."

दिवस असे भांडणात बरे चालले होते. मग एका सकाळी सरांनी सांगितलं, परीक्षेला एकेकानं बसायचं. निम्मी परीक्षा माउसची, निम्मी टायपिंगची. दोन्हीत पास तोच पास.

शिवकांतानं बसवराजकडं पाहिलं. बसवराजनं तिच्याकडं पाहिलं. एवढे दिवस शिकून दोघांना मिळून एक कॉम्प्युटर येत होता, एकेकट्याला अर्धाच.

तिनं पहिल्यांदा माउस धरला. बाण पळत जाऊन कोपऱ्यात लपला. दोनदा दाबायला गेली तर एक चित्र घसरत भलतीकडंच गेलं. माउस टेबलाच्या कडेला टेकला तरी बाण पडद्याच्या मध्येच! तिकडं बसवराज कीबोर्डवर एक बोट घेऊन अक्षर हुडकत होता.

"एबीसीडी ओळीनं कामून न्हाई लावली यांनी?" तो कुरकुरला.

झालं. शिवकांताचा बांध फुटला.

"तुझ्यामुळं!" ती सगळ्या क्लाससमोर ओरडली. "एक दिवस, एक दिवस तरी माउस सोडला असतास! तुला काय, तू स्टुडिओत जाऊन बसशील. मला गाव सोडावं लागंल, कळतंय का? गाव!"

बसवराजचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती उशिराच पोचली, टँकर कुठं वेळेवर येतो? दारातून तिनं पाहिलं. बसवराज डावीकडं बसला होता. उजवीकडची खुर्ची रिकामी होती आणि कुणी बसू नये म्हणून तिच्यावर त्यानं आपली बॅग ठेवली होती.

"बस," तो म्हणाला.

"काल तर 'अहो' होतं."

"काल तू 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले!"

"मग ऱ्हा की रागातच," तो हळूच म्हणाला. "मला चालतंय."

त्यानं शिकवायला सुरुवात केली. तिच्या हाताला हात लागू न देता, टेबलावर बोट वाजवून. "दोनदा दाबायचं म्हणजे दार वाजवल्यासारखं. टकटक! एका दमात. तू एकदा टक करतीस, आन् पाहुणा जेवून गेल्यावर दुसरं टक."

"हसू नको."

"न्हाई हसत. कडेला आलीस? उचल माउस, मधी ठेव. बघ, बाण जागचा हलला का? न्हाई ना. मग भ्यायलीस कशाला?"

हळूहळू बाण तिचं ऐकू लागला. चित्र उचलून चौकटीत नेमकं बसलं त्या दिवशी तिनं आनंदानं त्याच्याकडं पाहिलं, तर तो पडद्याकडं बघतच नव्हता.

"आता तुझं टायपिंग. चल, मी सांगते."

"उद्या. आधी तुझं होऊ दे."

रोज उद्या! पण तिला वाटलं, करत असेल सकाळी सराव. कारण ती दारात आली की तो कीबोर्डवर वाकलेला असायचा, आणि तिला पाहताच घाईघाईनं आल्ट एफ-फोर आणि मग एन दाबून सगळं बंद करायचा. तिच्याकडून तो तेवढा एकच शॉर्टकट शिकला होता.

परीक्षा झाली. संध्याकाळी गुरुलिंग सरांनी दारात उभं राहून निकाल वाचला. शिवकांता पास! तिच्या डोळ्यांपुढं घर आलं, हैदराबादसाठी बांधलेली बोचकी सोडणारी आई आली. मग पुढचं नाव ऐकू आलं. बसवराज, माउस उत्तम, टायपिंग नापास.

तिचा सगळा आनंद पुन्हा रागात उतरला. लोक पांगले तसा तिनं बसवराजला गाठला आणि सरळ आत खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढं आणलं.

"बस. डावीकडं." ती स्वतः उजवीकडं बसली. "सगळे दिवस मला शिकवत बसलास आन् स्वतः काय केलंस? लाज न्हाई वाटत? मला उपकार करून घ्यायची सवय न्हाई, सांगून ठेवते. टाइप कर!"

"काय करू?"

"येतंय ते कर!"

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि खाली न बघता ती भराभर चालवली. पडद्यावर अक्षरं उमटली. एस, एच, आय, व्ही... एकही न चुकता पूर्ण नाव. शिवकांता.

खिडकीबाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता. तिला तो ऐकूही आला नाही.

"हे... कधी शिकलास?"

"तू पाण्याला असताना. रोज सकाळी."

"एवढं येतंय तर नापास कसा झालास?"

"पेपरात तुझं नाव न्हवतं."

ती पडद्यावरच्या नावाकडं बघत राहिली. तिचं ते बघणं त्याला सोसलं नाही. त्याचं बोट सवयीनं आल्टवर गेलं, एफ-फोरवर गेलं. पण या वेळी ते एनवर जायला धजलं नाही. पडद्यावर प्रश्न तसाच राहिला, लिहिलेलं ठेवायचं की टाकून द्यायचं?

तो खाली मान घालून बसला.

शिवकांतानं माउस हातात घेतला. बाण सरळ गेला, कुठंही अडखळला नाही. टक. ठेवायचं.

"फाइलला नाव मागायलंय," ती म्हणाली. तिनं आवाज मुद्दाम चढवला. "बघतोस काय? तुझं नाव दे."

"माझं?"

"मग काय गुरुलिंग सरांचं? आन् उद्यापासून मी हितंच बसणार, उजवीकडं. तू पास होईस्तोवर माउसला हात लावायचा न्हाई."

"आन् पास झाल्यावर?"

"आधी पास हो."

तो हसत कीबोर्डवर वाकला आणि तिथंच अडला. "बी कुठाय?"

"खालच्या ओळीत, आंधळ्या!"

ए, एस आणि व्ही त्याला न बघता सापडले, ते तिच्या नावातले होते. बी, आर आणि जे तेवढे तिनं त्याचं बोट धरून दाखवले.